हिरू नाकतोडा आणि टक्कल पडलेलं अंगण

एक होता नाकतोडा. इवलासा. तुझ्या करंगळीएवढा. छे, करंगळीहूनही लहान!

त्याचं नाव हिरू.

हिरूचे डोळे हिरवे. हिरूचं पोट हिरवं. हिरूचे लांब लांब पाय, तेही हिरवे!

हिरू राहायचा रोहिणीकाकूंच्या अंगणात. अंगणात होती हिरवळ. मऊ मऊ. गार गार.

हिरू हिरवळीत जेवायचा. कुरुम कुरुम.

हिरू हिरवळीत दव प्यायचा. चुटुक चुटुक.

आणि साळुंकी आली, की हिरू हिरवळीत लपायचा. गुपचूप!

हिरवळ हिरवी. हिरू हिरवा. साळुंकीला तो दिसायचाच नाही.

पण एकदा काय झालं?

काकूंना अंगणाला भिंत घालायची होती. ट्रॅक्टर आला. धडधड धडधड! विटा उतरल्या. खडखड खडखड!

कुठे उतरल्या? थेट हिरवळीवर!

हिरूने मारली उडी. टुणुक! हिरू वाचला.

हिरवळ मात्र विटांखाली दडपली. तिला ऊन नाही. तिला पाणी नाही. तिला वारा नाही.

भिंत झाली. विटा संपल्या. हिरू धावत आला. बघतो तर काय? हिरवळ नाहीच! नुसती टणक माती. अंगणाला पडलं होतं टक्कल!

भिंतीपाशी गवताचा एक झुपका उरला होता. एवढासा.

हिरू त्यात लपला. डोकं आत गेलं. पोट आत गेलं. पण लांब लांब पाय? ते राहिले बाहेर!

भिंतीवर येऊन बसली साळुंकी. पिवळी चोच. पिवळे पाय.

"चुर्र चुर्र! हे पाय कुणाचे बरं?"

हिरूने पाय पोटाशी घेतले. साळुंकी उडून गेली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

"आज वाचलो," हिरू म्हणाला. "पण उद्या काय? मला माझी हिरवळ हवी."

आणि त्याने झुपक्यालाच हाक मारली.

"गवतताई, गवतताई, पसर ना!"

गवतताई वाळून वाळून बारीक झाली होती. तरी ताठ उभी होती. शाबास गवतताई!

ती म्हणाली, "पसरेन रे राजा. पण माती बघ किती टणक. माझी मुळं आत जातच नाहीत. माती सुटी झाली, तर मी पसरेन."

हिरू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेला मातीकडे.

"मातीमावशी, मातीमावशी, सुटी हो ना!

गवत काही पसरेना,
मग मी लपू कुठे?"

माती म्हणाली, "होईन रे राजा. पण विटांनी मला दाबलं. माझं अंग आखडलं. गांडुळाने मला खणलं, तर मी सुटी होईन."

हिरू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. मातीत होतं एक भोक. भोकात होतं गांडूळ.

"गांडूळदादा, गांडूळदादा, खण ना!

माती काही सुटेना,
गवत काही पसरेना,
मग मी लपू कुठे?"

गांडुळाला हात नाहीत. गांडुळाला पाय नाहीत. गांडुळाला दातसुद्धा नाहीत. तरी ते सगळं अंगण खणतं! आहे की नाही कमाल?

पण आज ते वेटोळं करून पडलं होतं.

"खणेन रे राजा," गांडूळ म्हणालं. "पण वर सगळं कोरडं. माझं अंग सुकतं. पाणी आलं, तर मी खणेन."

हिरू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कोपऱ्यात होता नळ. नळात होतं पाणी. हिरू नळाच्या तोंडाशी लटकला. उलटा!

"पाणीराणी, पाणीराणी, ये ना!

गांडूळ काही खणेना,
माती काही सुटेना,
गवत काही पसरेना,
मग मी लपू कुठे?"

आतून आवाज आला. गुडगुड गुडगुड.

"येईन रे राजा. पण नळ बंद आहे. काकूंनी नळ सोडला, तर मी येईन."

हिरू नळावर चढला. त्याने ढकललं. ऊंऽऽ! त्याने लाथ मारली. टुक! नळ हललाच नाही.

हिरू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. गेला पेरूच्या झाडाखाली.

झाडाला बांधली होती झोळी. झोळीत होती काकूंची लेक, अबोली. काकू दोरी ओढत होत्या. जो जो, जो जो.

हिरू काकूंच्या गुडघ्यावर बसला.

"काकू, काकू, उठा ना!

पाणी काही येईना,
गांडूळ काही खणेना,
माती काही सुटेना,
गवत काही पसरेना,
मग मी लपू कुठे?"

"अगंबाई!" काकू हळूच म्हणाल्या. "एवढासा नाकतोडा! आणि सगळ्या अंगणाला विचारून आलास? उठेन रे राजा. मलाही हिरवळ हवीच आहे. पण दोरी सोडली, की अबोली रडते. अबोली झोपली, तर मी उठेन."

हिरू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. चढला झोळीच्या काठावर. आत डोकावला.

"बाळा, बाळा, झोप ना!

काकू काही उठेनात,
पाणी काही येईना,
गांडूळ काही खणेना,
माती काही सुटेना,
गवत काही पसरेना,
मग मी लपू कुठे?"

अबोली उताणी पडली होती. गुबगुबीत पाय. मिटलेल्या मुठी. नाक मात्र फेंदारलेलं.

"ऊं ऊं! दोळ्यात ऊन! दोळ्यात ऊन!"

खरंच की! पानांमधून ऊन येत होतं. नेमकं तिच्या डोळ्यांवर.

"फांदी वाकली, तर गाई कलेन," अबोली म्हणाली.

हिरू निघाला. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. झोळीवरून खोडावर.

"पेरूमामा, पेरूमामा, वाक ना!

बाळ काही झोपेना,
काकू काही उठेनात,
पाणी काही येईना,
गांडूळ काही खणेना,
माती काही सुटेना,
गवत काही पसरेना,
मग मी लपू कुठे?"

पेरूमामाचं खोड गुळगुळीत. पानं खरबरीत. फांद्या थेट आभाळाकडे.

"वाकेन रे राजा," पेरूमामा म्हणाला. "पण माझं मला हलता येत नाही. वारा आला, तर मी वाकेन."

हिरू निघाला. आता टुणुक नाही. सरळ वर चढायचं! एक पाय, मग एक पाय. एक पाय, मग एक पाय. फांदीवरून फांदीवर. पानावरून पानावर. हिरू दमला. पण थांबला नाही. हिरूने गाठला पेरूचा शेंडा.

तिथे वारा झोपला होता. घुर्र घुर्र.

"वारोबा, वारोबा, या ना!

फांदी काही वाकेना,
बाळ काही झोपेना,
काकू काही उठेनात,
पाणी काही येईना,
गांडूळ काही खणेना,
माती काही सुटेना,
गवत काही पसरेना,
मग मी लपू कुठे?"

वाऱ्याने एक डोळा उघडला.

"येईन रे राजा. पण मला आलाय कंटाळा. कुणी गाणं म्हटलं, तर मी येईन."

आणि त्याने डोळा मिटला. घुर्र घुर्र.

आता गाणं कोण म्हणणार? हिरूने इकडे पाहिलं. कुणी नाही. हिरूने तिकडे पाहिलं. कुणी नाही.

नाही कसं? भिंतीवर होती की साळुंकी! पिवळी चोच. पिवळे पाय. ती अंगणभर बघत होती. हळू हळू मान फिरवत होती.

हिरू पानाला चिकटला. एकदम चूप.

हिरूला एक गोष्ट माहीत होती. पाय पंखावर घासला, की आवाज येतो. छान आवाज! पण आवाज केला, तर साळुंकीला कळणार. हिरू कुठे आहे, ते कळणार!

गाऊ? की नको गाऊ?

हिरूने खाली पाहिलं. गवतताई वाळत होती. गांडूळदादा वाट बघत होता. अबोली रडवेली झाली होती. काकूंचे हात दुखत होते.

हिरूला खूप भीती वाटली. तरी त्याने पाय उचलला.

खर्र!

छे! हे कसलं गाणं?

त्याने पुन्हा पाय घासला.

किर्र किर्र, किर्र किर्र! किर्र किर्र, किर्र किर्र!

साळुंकीने मान वळवली. साळुंकीने पंख उघडले. साळुंकी झेपावली. सप्प!

हिरू गातच राहिला. किर्र किर्र, किर्र किर्र!

आणि वाऱ्याने दोन्ही डोळे उघडले.

"वा रे वा! केवढासा गाणारा, आणि केवढं गाणं!"

वारा उठला. सूं सूं! वारा नाचला. सूं सूं सूं! साळुंकीची पिसं उलटी झाली. साळुंकीची शेपटी वाकडी झाली. साळुंकी गेली भलतीकडेच! थेट भिंतीपलीकडे!

मग काय झालं?

वारा आला, सूं सूं सूं.
फांदी वाकली, सळसळ सळसळ.

फांदी वाकली. बाळावर सावली आली. अबोलीने जांभई दिली. एवढी मोठी! तिच्या मुठी सुटल्या. बाळ झोपलं.

बाळ झोपलं, काकू उठल्या. काकूंनी दोरी सोडली, पदर खोचला आणि नळाला पाइप लावला.

काकू उठल्या, पाणी आलं.

धो धो? नाही हं! धो धो पाण्याने माती वाहून जाते. काकूंनी पाइपाच्या तोंडावर बोट धरलं. पाणी आलं भुरभुर भुरभुर.

पाणी आलं, गांडूळ हललं. वळवळ वळवळ. वेटोळं सुटलं. गांडूळ खणायला लागलं. इकडून आत, तिकडून बाहेर. त्याने आपल्या भावांना बोलावलं. त्याने आपल्या बहिणींना बोलावलं. सगळं अंगण वळवळ वळवळ!

गांडुळांनी खणलं, माती सुटली. मातीमावशीने आळस दिला. "हुश्श! आता कसं मोकळं वाटतंय!"

माती सुटली, आणि गवत?

गवत पसरलं का?

नाही पसरलं.

हिरू म्हणाला, "गवतताई, गवतताई, आता काय राहिलं?"

गवतताई म्हणाली, "अरे, मी वाळलेय ना. माझ्यात जोरच नाही. मला कुणी हात दिला, तर मी पसरेन."

हिरूने आपल्या पायांकडे पाहिलं. त्याचे पाय बारीक. कसा देणार हात?

पण काकूंनी ते ऐकलं. काकू म्हणाल्या, "मी देते हात!"

काकूंनी आणलं खुरपं. विटांचे तुकडे वेचले. टक टक टक. नको ते तण उपटलं. मग आणलं शेणखत. चाळलेलं, काळं काळं. ते मातीत मिसळलं. हाताने माती सारखी केली. खड्डा नको, उंचवटा नको.

मग काकूंनी गवतताईच्या कांड्या घेतल्या. थोड्याशाच. एक कांडी इथे टोचली. एक कांडी तिथे टोचली. इथे आणि तिथे, इथे आणि तिथे. सगळ्या टकलावर!

वरून भुरभुर पाणी. कडेने काठ्या. काठ्यांना सुतळी.

"इथे कुणी पाय द्यायचा नाही," काकू म्हणाल्या. "गवत लहान आहे."

"आणि मी?" हिरूने विचारलं.

काकू हसल्या. "तू ये हो. तुझं वजन ते काय!"

पेरूमामा म्हणाला, "हिरू, तोवर माझ्या पानामागे राहा. पान हिरवं आहे. साळुंकीला दिसणार नाहीस."

हिरू पानामागे राहिला. रोज सकाळी काकू यायच्या. भुरभुर भुरभुर. रोज सकाळी हिरू खाली यायचा. टुणुक टुणुक.

"गवतताई, गवतताई, पसरलीस?"

"मुळं खाली चाललीत रे राजा. मुळं आधी खाली जातात. मग पानं वर येतात."

दुसऱ्या सकाळी पुन्हा. टुणुक टुणुक.

"गवतताई, गवतताई, पसरलीस?"

"मुळं अजून खाली चाललीत रे राजा."

वरून काहीच दिसत नव्हतं. पण मातीच्या आत केवढी गडबड चालली होती! मुळं वाट काढत होती. गांडुळं वाट करून देत होती. पाणी झिरपत होतं. कुणी बसून नव्हतं.

मग एका सकाळी हिरू खाली आला. टुणुक. आणि थबकला.

मातीतून आलं होतं एक पातं. टाचणीएवढं. हिरवंगार!

त्याच्या शेजारी एक पातं. त्याच्या शेजारी एक पातं. इथे एक, तिथे एक. इथे आणि तिथे, इथे आणि तिथे!

"काकू! काकू! या ना!" हिरू ओरडला.

काकू आल्या. हातात लाटणं तसंच! त्यांनी वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"केवढं गोड दिसतंय," त्या म्हणाल्या. "गवतताई, धन्य आहेस बाई तू!"

गवतताई लाजली.

पाती वाढली. कांड्या पसरल्या. या कांडीने त्या कांडीला हात दिला. त्या कांडीने पुढच्या कांडीला हात दिला. टक्कल भरलं. सगळं अंगण हिरवं हिरवं झालं!

काकूंनी सुतळी सोडली. काकूंनी आणली मोठी कात्री. कच कच, कच कच.

हिरू घाबरला. "काकू, काकू, सगळं कापू नका!"

"छे रे! मी फक्त शेंडे कापते. शेंडे कापले, की गवत दाट होतं. मुळाशी कापलं, तर गवत उन्हाने करपतं."

कच कच, कच कच. काकू भिंतीपर्यंत आल्या. आणि थांबल्या. कात्री खाली ठेवली.

"ही भिंतीकडची पट्टी मी कापणार नाही," काकू म्हणाल्या. "इथे गवत उंच राहील. ही पट्टी हिरूची."

"माझी?"

"तुझीच. तू गायलास, म्हणून वारा आला.

वारा आला, फांदी वाकली.
फांदी वाकली, बाळ झोपलं.
बाळ झोपलं, मी उठले.
मी उठले, पाणी आलं.
पाणी आलं, गांडुळांनी खणलं.
गांडुळांनी खणलं, माती सुटली.
माती सुटली, गवत पसरलं.

हे सगळं तुझ्यामुळे!"

हिरू उंच गवतात शिरला. डोकं आत गेलं. पोट आत गेलं. आणि लांब लांब पाय? तेही आत गेले!

साळुंकी आली. तिने इकडे पाहिलं. हिरवं. तिने तिकडे पाहिलं. हिरवं. तिने अगदी हिरूच्या नाकासमोर पाहिलं. हिरवंच!

"चुर्र चुर्र! नाहीये वाटतं कुणी." आणि ती उडून गेली.

हिरू गवतात हसला. आवाज न करता.

तेवढ्यात अबोली रांगत आली. हिरवळीवर आली आणि थांबली. तिने गवताला हात लावला. मऊ! तिने गवताला गाल लावला. गार!

मग तिने हात टेकले. ढुंगण उचललं. आणि ती उभी राहिली! कुणाला न धरता!

काकू बघतच राहिल्या.

अबोलीने एक पाय टाकला. धप्प! पडली. लागलं का? मुळीच नाही! खाली हिरवळ होती ना!

अबोली खुदकन हसली. पुन्हा उठली. एक पाऊल. अजून एक पाऊल. डुलत डुलत, डुलत डुलत. थेट आईच्या मिठीत!

गोष्ट निजली हिरवळीत,
तू नीज आता कुशीत.